सोसायटीतलं मतदान वाढवायचंय? आधी मतदारयादी उघडा

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडते. पिंपरी-चिंचवडच्या वाकडमधली साधारण चारशे फ्लॅटची सोसायटी. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तुमच्या बूथवर चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. आता तुम्ही दहा-बारा जण पुढच्या निवडणुकीआधी जनजागृती करणार आहात. प्रभातफेरी, पथनाट्य आणि गेटवर सेल्फी पॉइंट असा बेत आहे. वर्गणीचे तीस हजार जमलेत. आणि तुम्ही विचारताय, 'सुशिक्षित लोकांची ही उदासीनता घालवायची कशी?'

मी शिक्षिका होते. बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे बूथची मतदारयादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम केलं आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या स्वयंसेवकांच्या गटात आहे. त्या अनुभवावरून सांगते, प्रश्न उदासीनतेचा आहे हे आधीच धरून चालू नका. उदासीन लोक असतात, नाही असं नाही. पण चाळीस टक्के या आकड्यात तीन वेगळी माणसं एकाच पोत्यात भरलेली असतात. एक, ज्याचं नाव यादीत आहे पण तो तिथे राहतच नाही, किंवा हयातच नाही. दोन, जो तुमच्या शेजारी राहतो पण ज्याचं नाव यादीत नाही. तो टक्केवारीत धरलाच जात नाही. आणि तीन, नाव आहे, राहतोही इथेच, तरी गेला नाही. पथनाट्य फार तर तिसऱ्यासाठी. पहिल्या दोघांसाठी कागद लागतात.

तुमच्या भागात तर हे जास्तच. चिंचवड हा राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक, साडेसहा लाखांच्या पुढे मतदार. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे माणसं सतत येतात-जातात. भाडेकरू अकरा महिन्यांनी घर बदलतो, त्याचं नाव मात्र जुन्याच पत्त्यावर बसलेलं असतं. अशा भागातली टक्केवारी कोल्हापूरकडच्या करवीरसारख्या गावाकडच्या मतदारसंघाशी ताडून 'बघा, खेड्यातले लोक ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातात आणि आपण शिकलेले?' असं म्हणणं सोपं आहे. पण तिकडे यादीतला माणूस बहुतेक वेळा त्याच आळीत सापडतो.

म्हणून पहिलं काम यादीचं. तुमच्या भागाची यादी निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवरून उतरवता येते. पीडीएफ असते, एका पानावर तीस नावं. त्यात शोध नीट चालत नाही, तेव्हा सरळ प्रिंट काढा आणि विंगनुसार वाटून घ्या. शेवटची पुरवणी बघायला विसरू नका. नवीन नावं आणि वगळलेली नावं तिथेच असतात. वगळलेल्या नावापुढे एक अक्षर असतं: मृत असेल तर ई, स्थलांतरित असेल तर एस, दुबार असेल तर आर. एखादा जिवंत, इथेच राहणारा माणूस 'एस' लागून उडालेला दिसला की आजच हालचाल करायची. मतदानाच्या सकाळी कळून काहीही उपयोग नसतो.

मग दारोदार. एका विंगला दोघं, शक्यतो त्यातला एक त्याच विंगमध्ये राहणारा. एक बाई असावीच. दुपारी दार उघडणारी बहुधा बाईच असते. दारात उभं राहून भाषण नको. विचारायचं एवढंच: 'तुमच्याकडे यादीत ही तीन नावं आहेत. तिघंही इथेच राहतात ना? अजून कोणी अठरा पूर्ण केलेलं आहे का?' बस्स. या दोन वाक्यांवर माणसं मोकळी होतात. एक सासूबाई म्हणाल्या, 'सुनेचं नाव नाशिकला आहे, माहेरी. ती म्हणते तिकडेच राहू दे.' सून आतून म्हणाली, 'मी कधी म्हटलं? मला वाटलं, आधी तिकडचं कमी करायला नाशिकला जावं लागतं.' तसं काही लागत नाही. ती आठ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरते, पत्ता बदलतो आणि जुन्या ठिकाणचं नाव त्याच प्रक्रियेत निघतं.

फॉर्मचा घोळ सगळीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑगस्ट २०२२ पासून सहा नंबरचा फॉर्म फक्त पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. पत्ता बदलला, मतदारसंघ बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, हे सगळं आठ नंबरवर. पण शहर बदललं की लोक पुन्हा सहाच भरतात आणि दोन ठिकाणी नाव लागतं. गेल्या वेळी महापालिकेच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापलेले तुम्ही पाहिले असतील. त्यातले बरेच असे अज्ञानातून आलेले. सात नंबरचा फॉर्म नाव वगळण्यासाठी. घरातल्या वारलेल्या माणसाचं नाव काढायला घरच्यांनीच तो भरलेला बरा. इथे एक सावधगिरी सांगते. तुमच्या गटाने 'हे इथे राहत नाहीत' म्हणून सात नंबरचे गठ्ठे भरायचे नाहीत. ते तुमचं काम नाही. माहिती बीएलओला द्या, तो चौकशी करेल. खोटं प्रतिज्ञापन दिलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय एकदा कोणाला वाटलं की ही मंडळी विरोधी पक्षाची नावं उडवताहेत, की तुमची दारं कायमची बंद.

भाडेकरूंचा समज सगळ्यांत पक्का असतो: 'आमचं स्वतःचं घर नाही, आम्हाला इथे मत कसं?' कायदा पाहतो तो नेहमीचा राहता पत्ता. घराची मालकी नाही. उलट, फक्त घर नावावर आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय. नोंदणीकृत भाडेकरार पुरावा म्हणून चालतो. चारशे फ्लॅटांपैकी किती भाड्याने आहेत हे सेक्रेटरींना विचारा. तुमचा खरा नवा मतदार तिथे आहे. कोणाला गावाकडेच मत द्यायचं असेल तर देऊ द्या, तोही हक्कच आहे. नाव मात्र एकाच ठिकाणी हवं. आणि सतरा पूर्ण झालेल्या मुलांनाही आगाऊ अर्ज करता येतो. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे यातल्या कुठल्याही तारखेला अठरा पूर्ण असले की चालतं, त्यामुळे अठरावा वाढदिवस मार्चमध्ये आला म्हणून वर्ष फुकट जात नाही.

हे सगळं कधी करायचं? आत्ता. निवडणूक जाहीर झाल्यावर नाही. महापालिकेला वेगळी यादी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. कुठल्या तारखेची यादी घ्यायची तेही आयोगच ठरवतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये हौसेने नाव नोंदवलेल्या मुलाला जानेवारीत मत देता आलं नाही. असे चिडलेले तरुण तुमच्याही सोसायटीत असतील. त्यांना तुम्ही उदासीन म्हणालात तर ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली की हरकतींना मोजके दिवस मिळतात, आणि त्यात नवं नाव घालता येत नाही. तुमची इमारत चुकून शेजारच्या प्रभागात गेली असेल तर तेवढं दुरुस्त करून घेता येतं. ते मोजके दिवस कोणीतरी जागं राहायला हवं, हे काम आत्ताच एकाला नेमून द्या.

आता तिसरा माणूस, नाव असूनही न जाणारा. याच्याबद्दल अभ्यास झालेले आहेत. १९९८ साली अमेरिकेत न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोघांनी तीस हजारांच्या आसपास मतदारांवर प्रयोग केला. काहींना घरी जाऊन भेटले, काहींना पत्रं धाडली, काहींना फोन केले. ज्यांची समोरासमोर भेट झाली त्यांच्यात मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं. पत्रांनी थोडंसं वाढलं. भाडोत्री कॉल सेंटरच्या फोनने काहीच नाही. तिकडची परिस्थिती वेगळी, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. पण दारावरचा माणूस आणि फॉरवर्ड केलेला मेसेज यातला फरक मी इथेही बघितलाय. 'मतदान आपला पवित्र हक्क' असं तिरंग्याचं चित्र ग्रुपवर टाकलं की पन्नास जण हात जोडतात आणि शनिवारी लोणावळ्याला जातात.

तेव्हा मतदानाच्या आधीच्या आठवड्यात दुसरी फेरी करा, आणि या फेरीत 'मत द्या' म्हणू नका. विचारा, 'किती वाजता जाणार? कोणाबरोबर?' माणूस विचार करून उत्तर देतो: 'सकाळी नको, पाहुणे आहेत... अकराला जाऊ, आईला घेऊन.' एकदा तोंडाने अकरा म्हटलं की तो बहुतेक वेळा अकराच्या आसपास जातो. आणि अडचण असेल तर तीही याच प्रश्नाला बाहेर येते. आईला चालवत नाही, रांगेत उभं राहवत नाही, बाळाला कोण बघणार, बूथ नक्की कुठल्या शाळेत. ऐंशीच्या पुढच्या आजोबांना कोण नेणार हे त्या दारातच ठरलं पाहिजे. लोकसभा-विधानसभेला ८५ च्या वरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना १२ डी फॉर्म भरून घरून मत देता येतं, पण अर्जाची मुदत अधिसूचनेनंतर अवघे पाच दिवस असते. महापालिकेला ही सोय धरून चालू नका. व्हीलचेअर आणि खाली खोली मिळते का हे बूथवर आधी जाऊन बघा.

वेळेचं एक लक्षात ठेवा. विधानसभेला सकाळी सात ते संध्याकाळी सहा होतं, महापालिकेला साडेसात ते साडेपाच. आयटीतली मंडळी 'सहापर्यंत असतं' म्हणून पावणेसहाला खाली उतरली आणि गेट बंद. तारखेचंही तसंच. मे २०२४ मध्ये तुमच्याकडचं लोकसभेचं मतदान सोमवारी आलं, शनिवार-रविवारला जोडून. विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार घेतला. महापालिकेला पुन्हा गुरुवार, तोही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. तारीख जाहीर झाली की कॅलेंडर बघा आणि जोडसुट्टी असेल तर त्याच दिवशी विंगच्या ग्रुपवर लिहा, 'बुकिंग करण्याआधी तारीख बघा.' हा एकच व्हॉट्सॲप मेसेज मला उपयोगी वाटतो.

पॅनेल पद्धत समजावून सांगणं हे खरं शैक्षणिक काम. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक. तुमच्याकडे पिंपरी-चिंचवडमध्ये ३२ प्रभाग आणि १२८ नगरसेवक, म्हणजे एका माणसाने चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. लोक एक बटण दाबून बाहेर पडायला निघतात, आतला अधिकारी हाक मारतो, मागे रांग तुंबते, आणि पुढच्या वेळी तो माणूस म्हणतो, 'फार कटकट आहे.' एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर तिथे 'नोटा' (यापैकी कोणीही नाही) हे बटण दाबा, पण चारही पूर्ण करा. क्लबहाऊसमध्ये पुठ्ठ्यावर चार जागांचा नमुना काढून ठेवा, उमेदवारांच्या जागी फळांची नावं घाला, आणि ज्येष्ठ नागरिक संघात अर्धा तास तो खेळ घ्या. मला पथनाट्यापेक्षा हे जास्त आवडतं.

सोबत काय न्यायचं हेही त्याच पुठ्ठ्याच्या बाजूला लिहा. मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नाही, २०१९ पासून नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. वोटिंग कार्ड नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यातलं काहीतरी मूळ कागद म्हणून न्या. आणि मोबाईल मतदानकक्षात नेता येत नाही. तो कुठे ठेवायचा हे घरून निघतानाच ठरवा. फोन परत ठेवायला गेलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच असं नाही.

आता काय करू नये ते. कोणी मत दिलं, कोणी नाही, याची यादी लिफ्टजवळ लावायची कल्पना तुमच्यातल्या कोणालातरी सुचेलच. ती चालते, हे खरं आहे. २००६ मध्ये मिशिगन राज्यात लोकांना 'तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिलं की नाही' हे दाखवणारी पत्रं पाठवली, तर मतदान सुमारे आठ टक्क्यांनी वाढलं. तरी करू नका. आपल्या सोसायट्यांत पार्किंगवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं; त्यात ही आणखी एक काडी कशाला? शाईचं बोट दाखवून फोटो टाकायचा ज्याला आनंद आहे त्याने टाकावा, दुसऱ्याला विचारू नये. दुकानदारांकडून 'शाई दाखवा, सूट मिळवा' ही योजनाही मी टाळते. सूट कोणी दिली आणि कोणाच्या वतीने, ही चर्चा आपल्या अंगावर येते.

दुसरं, माहिती. घरोघरच्या फेरीत तुमच्याकडे नावं, वयं, मोबाईल नंबर जमा होतील. त्याची शेअर केलेली शीट करू नका, आधारचे फोटो तर कोणाच्याही फोनमध्ये घेऊ नका. ज्याचा फॉर्म आहे त्याने त्याच्याच फोनवर भरावा, तुम्ही शेजारी बसा. निवडणूक जवळ आली की कोणीतरी गोड बोलून म्हणेल, 'ती तुमची यादी जरा पाठवा ना.' यादी कागदावर आणि विंगच्या जोडीकडेच असली की नाही म्हणणं सोपं जातं.

पक्षाचा प्रश्न तर येणारच. तुमच्यातल्या कोणाचा कल कुठे असेल तर असू द्या, पण प्रचारात उघड उतरणाऱ्याने त्या निवडणुकीपुरतं या गटातून बाहेर राहावं, हा नियम आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. उमेदवारांना सोसायटीत बोलवायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. बोलावलंत तर प्रश्न आधी ठरवा आणि प्रत्येकाला सारखी मिनिटं द्या. आचारसंहितेत अशा सभेला परवानगी लागते का, ते त्या वेळच्या निवडणूक कार्यालयात विचारून घ्या. जागेवर आणि निवडणुकीवर ते अवलंबून असतं. उमेदवाराने मतदार वाहून नेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, तेव्हा 'साहेबांनी दोन रिक्षा पाठवल्यात, वापरा' असं कोणी म्हटलं तर नम्रपणे परत पाठवा. आपल्या आजी-आजोबांना आपल्या गाडीतून न्यायला कोणाची हरकत नाही. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही हे तुम्हाला माहीत असेलच. तुमचा टी-शर्ट कुठल्याही पक्षाच्या रंगाचा नसावा, एवढी त्यात माझी भर.

आणि एक गट तुमच्या प्रश्नात आलाच नाही: सोसायटीत काम करणारी माणसं. मावशी, माळीकाका, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर. यातल्या कित्येकांचं नाव जवळच्याच वस्तीत असतं. मतदानाच्या दिवशी आपण घरी, पाहुणे घरी, म्हणून मावशींना नेमकं त्याच दिवशी जास्त काम. प्रत्येक घराने त्यांना सकाळची सुट्टी, पैसे न कापता, एवढं कमिटीच्या सूचनेत घालून घ्या. सुरक्षारक्षकांच्या पाळ्या एजन्सीशी बोलून अशा लावा की प्रत्येकाला दोन तास मिळतील. याचा आकडा तुमच्या बूथवर दिसणार नाही, शेजारच्या बूथवर दिसेल. चालेल ना?

मतदान झाल्यावर गट विसर्जित करू नका, एवढंच सुचवते. प्रभागातून निवडून आलेल्या चौघांना सहा महिन्यांनी एकदा बोलवा, पाणी आणि कचरा या दोनच विषयांवर. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून महापालिकेच्या अर्थसंकल्पासाठी कामं मागवायची पद्धत आहे. तुमच्याकडे अशी काय सोय आहे हे प्रभाग कार्यालयात विचारा. पाच वर्षं कोणी न विचारलेला माणूस पाचव्या वर्षी 'कोणालाही द्या, काय फरक पडतो' म्हणतो, आणि त्याचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही.

राहिले तीस हजार. सेल्फी पॉइंट आणि ढोल-ताशा यांतच ते संपतील. त्याऐवजी याद्यांच्या प्रिंट, चार-पाच भिंगं (यादीतला टाइप बारीक असतो), एक व्हीलचेअर, पुठ्ठ्याचं ते मतदान यंत्र, आणि फेरीवरून आलेल्यांना चहा-पोहे. पत्रक छापलंत तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाका. व्हीलचेअर नंतर सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, पुढच्या आठवड्यातच कोणालातरी लागेल. उरलेले पैसे हिशेबासह नोटीस बोर्डावर लावून परत करा. प्रभातफेरी काढायचीच असेल तर ती लहान मुलांना काढू द्या, त्यांना मजा येते आणि खर्च शून्य.